शिल्लक वाढ

खानापूरच्या स्टँडवर मला न्यायला आला वैजू तरळे.
टेम्पोत मागे मंगलोरी कौलं, पुढे आम्ही दोघं,
मधे माझी पिशवी : स्टॉपवॉच, टेप, वजनकाटा
आणि वही, जिच्यात प्रत्येक पोराला अर्धं पान.

हायस्कुलाच्या मैदानावर तांबडी माती चाळून, पाणी मारून ठेवलेली.
अकरा गावची एकोणतीस पोरं,
बनियनच्या पाठीवर शाईने नंबर, घामाने आधीच फुटलेले.
मास्तर गुण मोजतात कन्नडात,
ओंदू, एरडू, मूरू,
पोरं त्यावर भांडतात मराठीत.

मी चढाई नाही बघत पहिल्यांदा. चढाई सगळ्यांनाच दिसते.
बाद होऊन बाहेर बसलेलं पोर
अंगावरची माती झाडतं की आतला खेळ बघतं, ते बघतो.
मनगटं बघतो. मनगट जाड आणि मान बारीक असली
तर अंगाला अजून बरंच भरायचं आहे.
रांगेतल्या चपला बघतो, कुणाची मापापुढे पळालीय.
दाखल्यावरची जन्मतारीख बघतो :
निम्मी पोरं एक जूनलाच जन्मलेली.
मग बापांना बोलावून उभं करतो वर्गाच्या चौकटीशी,
उंचीसाठी. बाप लाजतात.
एक म्हणाला, 'टोपी धरून मोजणार काय ओ?'

चौदा नंबर. सातेरी लुमाण्णा हलगेकर.
सोळा वर्षं सात महिने, ही तारीख खरी वाटते.
डावा कोपरा.
घोटा असा काढतो, जसं रताळं काढावं,
आधी भोवतीची माती सैल करून
मग एकदम.
दम कमी. उजवा खांदा घाबरतो.
लिहिलं : वाढ, तीन इंच शिल्लक.
लिहिलं : आई शाळेतच भात शिजवते.
'अंदाज' हा रकाना मोकळा ठेवला.

कारण सहा वर्षांपूर्वीच्या वहीत, ह्याच मैदानावर,
माझ्याच अक्षरात आहे :
वैजनाथ तरळे, दहापैकी नऊ, डोळे झाकून घ्या.
घेतला त्यांनी.
दुसऱ्या हंगामात, सामन्यात नाही, सरावात,
गुडघ्यातून आवाज आला.
आणि त्याच पानाच्या पाठीमागे एक किडकिडा,
दहापैकी चार, पाय हलके, लक्ष दुसरीकडे.
तो आता टीव्हीवर मांडी थोपटतो.
बायको विचारते, तुमच्याच भागातला ना हा,
तुम्हीच शोधला असेल?
मी म्हणतो, आमटीत मीठ कमी आहे.

जेवणाच्या सुट्टीत वैजू रेषेबाहेर उभा,
सगळा भार एका पायावर.
'चौदा नंबर बघितलासा?'
'बघितला.'
'पकड चांगली हाय त्याची. बारावी होऊ दे की ओ.'
मग बऱ्याच वेळाने, मैदानाकडे बघतच,
'मला गाडी शिकव म्हणालाय. मी नको म्हटलो.'

दुपारी ऑफिसातून फोन.
लिलावाआधी यादी पाहिजे, सर, एक ते दहा, नुसता आकडा द्या.
मी म्हणालो, रेंज जातेय.
रेंज चांगली होती.
चौदा नंबर नळाखाली डोकं धरून पाणी पीत होता,
दोघांच्या वाटणीचं,
आणि मागची पोरं त्याला ढकलत होती.

परतताना वाटेत कौलं उतरवायची होती एका घरी.
वैजू एकेक हातात घेतो, बोटाच्या पेराने ठोकतो,
कान जवळ नेतो, रचतो.
मी वही मांडीवर घेऊन बसलेलो, पेन्सिल उघडी,
माझी बस सहा वीसची.
दोन कौलं बद्द वाजली.
मला ती तर इतरांसारखीच दिसत होती.
त्याने ती बाजूला ठेवली, टाकली नाहीत.
घरमालकिणीला म्हणाला,
'ही गोठ्यावर घाला. चालतात.'