देठ

सावळज. आठवी ब. मार्चचा पहिला आठवडा.
फळ्यावर क्रियापद लिहिलं: डिटॅच.
आणि अर्थ लिहायच्या जागी
खडू धरून थांबले.

अटॅच सगळ्यांना येतो.
स्टँडमागच्या लॉजच्या पाटीवर तो आहे,
संडास-बाथरूमसकट.
तलाठीही म्हणतात, झेरॉक्स अटॅच करा.
उलटा शब्द मात्र गावात कुणी
कामाला लावलेला नाही.

सोडणे, लिहिलं. पुसलं.
वासरू सोडतात, उपास सोडतात, पाटाला पाणी सोडतात.
तोडणे. त्यात आवाज फार.
या शब्दात दोन्ही बाजू धड राहायला हव्यात.
विलग करणे बरोबर आहे,
पण सावळजमध्ये कुणी कुणाला
विलग करत नाही.

शब्दकोशात खाली, नाम झाल्यावरचा अर्थ होता:
तुकडी. मुख्य सैन्यातून काढून
दुसरीकडे धाडलेली.
समोर छत्तीस मुली. अ मध्ये न बसलेल्या.
हा अर्थ मी वाचून दाखवला नाही.

तेवढ्यात मागच्या बाकावरून तस्लीम मुलाणी,
न उठताच:
"देठ काढणे, बाई."
वर्ग हसला.
तिला शब्द तसाच ऐकू आला होता, देठापासून झालेला.
तिची आई बेदाण्याच्या शेडवर जाते,
मशीनमधून चुकलेले देठ हातानं काढते,
संध्याकाळी बोटं उघडत नाहीत.
"ओढायचा नाय बाई. ओढला की दाणा फुटतो,
चिकट होतो, भाव पडतो.
आधी वाळाय पाहिजे.
वाळला की नुसतं चोळलं तरी येतो."

परीक्षेत चालेल का, कुणीतरी विचारलं.
म्हटलं, पेपर माझ्याकडे आला तर.

डिसेंबरात मिरजेच्या दवाखान्यात
माझ्या डाव्या डोळ्याबद्दल हाच शब्द निघाला होता.
पडदा सुटलाय, डॉक्टर म्हणाले.
कुणी सोडला नव्हता.
इंग्रजीला दोन्हीसाठी एकच क्रियापद पुरतं,
आपल्याकडे सोडणं वेगळं, सुटणं वेगळं,
ओकाराचा उकार झाला
की दोष कुणाचा तेही बदलतं.
एका रेशनकार्डावरून माझं नाव कमी झालं,
दुसऱ्यावर चढलं, तिथूनही कमी झालं.
सोडलं का सुटलं, अजून विचारतात बायका
गिरणीत, दळण होईपर्यंत.
मी पिठाकडे बघते.

वडील मिरज यार्डात होते.
डबे कापायचे. तिथं तोच शब्द, कापणे,
कापायला काही नसलं तरी.
मला एकदा दुरून बघायला नेलं होतं.
आधी हवेचा पाइप, त्याचा लांब सुस्कारा,
मग दोन डब्यांच्या मधे वाकून
वडील दिसेनासे झाले.
बाहेर आले ते हात हलवत:
इंजिन मागं घे.
मला कळेना, सोडायचंय तर मागं कशाला.
हात पुसत म्हणाले, ताणात साखळी निघत नाही.
थोडं जवळ आणावं लागतं,
सैल पडली की मग उचलायची.
त्यांच्या हातांना रात्रीपर्यंत वंगणाचा वास,
भाकरीलाही.

हे वर्गात सांगितलं नाही. व्याकरण सांगितलं:
या क्रियापदापुढे फ्रॉम येतो.
फ्रॉम म्हणजे पासून.
लिहिलं, आणि वीस वर्षांत पहिल्यांदा
त्या पासूनमधला पास दिसला.
डाव्या डोळ्यानं की उजव्या, सांगता येत नाही.

घंटा झाली.
तस्लीमनं पिना न उघडता
वहीच्या मधलं एक पान ओढून घेतलं, कशासाठी कोण जाणे,
आणि पळाली.
वही बाकावर तशीच.
पलीकडचं, जोडीचं पान
सैल होऊन बाहेर आलं होतं,
त्यावर अजून काही लिहिलेलं नव्हतं.