डोमाजीचा डबा

पवनीच्या बसथांब्यामागे डोमाजीचं दुकान.
"माहा अ‍ॅक्सल बारा वर्सं चालला बाप्पा,"
दुधाचे कॅन सांभाळत सोविंदा म्हणतो,
"तोच घे. डोये मिटून घे."

डोमाजी बोलत नाही.
डालड्याचा डबा उपडा करतो गोणपाटावर:
सोविंदाच्या कंपनीचे एकोणीस, मधोमध मोडलेले.
दुसरीचे चार.

माझं बोट चाराकडं जातं.
"थांब," दारावरचे खडूचे आकडे
तो तेलकट पान्यानं दाखवतो,
"हे इकले दोनशे. ते इकलेच सहा."

मग एकेक छर्रा रॉकेलात सोडत, स्वतःशीच:
"अन् जे तुटून, गावाबाहेर दुरुस्त झाले,
ते माह्या डब्यात कायले येतीन?"

सोविंदा केव्हाच निघालाय
धानाच्या बांधावरून,
पायडलाच्या दर फेऱ्याला
एक कट्ट.