दुमडलेली कड

नऊ वर्षं गजकर्णाची मलमं.
पिशवीतून चुरगळलेल्या ट्यूबा काढून
टेबलावर ओळीने मांडतात त्र्यंबक कर्डे,
तांबट, भांडी बाजार, वय त्रेसष्ट.
"घरात माझा पंचा वेगळ्या खिळ्याला असतो,"
विचारलेलं नसताना सांगतात.

पोटरीवर एक कडं. जुन्या रुपयाएवढं,
मध्ये खोलगट, काठाला उंच.
मी डर्मोस्कोप टेकवते. श्वास आपोआप थांबतो.
दहापट जवळ आल्यावर कातडी कातडी राहत नाही,
चामरलेणीचा डोंगर होते, उन्हाळ्यातला, वरून पाहिलेला,
आणि भोवती दोन पांढऱ्या रेघा,
एकमेकींना न शिवता पूर्ण फेरा घालणाऱ्या.

पुस्तकात पाहिलेल्या. पायावर कधीच नाही.

खात्रीसाठी जांभळी शाई लावते, स्पिरिटने पुसते.
सगळीकडची जाते.
खाचेतली राहते.

स्क्रीन त्यांच्याकडे वळवते. पोरोकेराटोसिस, म्हणते,
आणि शब्द खोलीत पाहुण्यासारखा अवघडून उभा.
ते मात्र चष्मा कपाळावर सारून वाकतात:
"ही तर दुमडलेली कड. पत्रा आत वळवला की
अशाच दोन रेघा दिसतात."
बोट गोल फिरतं, एके ठिकाणी अडतं.
"इथे हातोडी हलकी पडली."

तुकडा तपासायला पाठवू, सांगते.
लागत नाही हे कुणाला.
जाणारही नाही बहुतेक. सहा महिन्यांनी दाखवायचं,
चिघळलं, रक्त आलं, तर आधीच.

ऐकतात का, कळत नाही.
पायजमा खाली सोडतात, शाई तशीच,
आणि दारात थांबून, माझ्याकडे न पाहता:
"पंचा मग कुठल्या खिळ्याला?"