पुढचं चाक, मागचं चाक

एका टायरचे सव्वीस रियाल,
टेपचे वेगळे, वॉल्व्हचे वेगळे,
आणि त्या पांढऱ्या चिकाच्या बाटलीचं तर विचारूच नका.
फेलिसिमो म्हणाला, मॅडम, एकदा घाला,
मग पंक्चर हा शब्दच विसरा.
सोहारच्या त्याच्या दुकानात एसी आचके देत होता
आणि मी हिशेब करत उभी:
वर्षाला सहा पंक्चर, ट्यूब दीड रियालची,
म्हणजे नऊ.
रिफायनरीच्या प्रयोगशाळेत बारा वर्षं आकडे तपासलेत मी.
आकडा ट्यूबच्या बाजूने होता.
तरी घातले.

कारण त्याच आठवड्यात, फलज अल कबाईलच्या चौकापुढे,
ट्रकच्या फुटक्या टायरातली तार, केसाएवढी.
पहाटे पावणेपाचलाच चौतीस अंश,
हातमोजे पिळून काढावेत असा घाम,
ट्यूब बदलली, फुगवली, शंभर मीटर गेले,
तर तीच तार पुन्हा.
नखाने आतून शोधायला हवी होती.
घाई केली.

टायर रिमवर बसला तो ढप्पकन.
शेजारच्या न्हाव्याने वस्तरा हवेत धरून पाहिलं,
गिऱ्हाईकानेही, अर्ध्या दाढीने.
फेलिसिमोची बोटं चिकाने एकमेकांना चिकटलेली.
मी म्हटलं, आमच्याकडे फणस फोडताना
हाताला खोबरेल लावतात.
तो हसला. त्यांच्याकडेही फणस, त्यांच्याकडेही तेल,
फक्त इथे सुचलं नव्हतं.

खोटं कशाला बोलू, चाक लोण्यासारखं चाललं.
हवा सत्तरच भरायची, शंभर नाही,
रस्त्याची खडी मनगटापर्यंत येते
आणि तिथूनच परत जाते.
वादी जिझ्झीच्या चढाला एकदा आवाज आला:
स्स्स, मग स्स,
मग काहीच नाही.
पोटरीवर पांढरे ठिपके.
पुढे हिलालने मान वळवली नाही,
मागे वर्गीसला कळलंही नाही.
मलाही,
कुठे टोचलं, काय टोचलं.
आधी बरं वाटलं.
मग जरा चमत्कारिक.

ऑगस्टात टायर उघडला तर आत चीक नव्हताच,
वाळलेली साय होती, रबराची, बोटाला न चिकटणारी.
इथला उन्हाळा तो पिऊन टाकतो.
पाच आठवड्यांनी पुन्हा ओता, पुन्हा ओता.
फेलिसिमो हे आधी बोलला नव्हता.
मी विचारलंही नव्हतं म्हणा.

पण खरी खोट दुसरीकडेच होती.
ट्यूब होत्या तेव्हा आम्ही थांबायचो.
समरच्या काटेरी झाडाखाली, ज्याने टोचलं त्याच्याच सावलीत,
हिलाल थर्मास काढायचा, बोटभर कपात काहवा,
वर्गीस मुलीच्या नर्सिंगच्या परीक्षेचं सांगायचा,
पंप माझ्याकडून त्याच्याकडे, त्याच्याकडून याच्याकडे.
हिलालची थोरली बहीण त्याच्याशी बोलत नाही
हे मला पंक्चर क्रमांक चारला कळलं.
का बोलत नाही, ते पाचला कळलं असतं,
पण मधे ट्यूबलेस आले.
अकरा महिने. सरासरी वेग दोनने वाढला.
वर्गीसची मुलगी पास झाली का,
मला माहीत नाही.

परवा दुकानात गेले.
म्हटलं, पुढे राहू दे ट्यूबलेस, मागे ट्यूब घाल.
असं कुणी करतं का, मॅडम?
मी म्हटलं, उतारावर पुढचं गेलं तर दात जातात.
मागचं गेलं तर नुसता वेळ.
त्याने खांदे उडवले, हाताला तेल लावलं.

आज शुक्रवार. लिवाच्या अलीकडे
मागचं चाक बसलं, सरळ, कुठलंही नाटक न करता.
मी हात वर केला.
हिलाल वळून आला, म्हणाला, तुझं ते महागाचं?
नाही रे, स्वस्तातलं.
थर्मासचं झाकण फिरल्याचा आवाज आला.
वर्गीसने हेल्मेट काढून गवतावर, म्हणजे वाळूवरच, ठेवलं.
मी टायर उलटा केला
आणि नखाने आतून चाचपत बसले,
एकेक बोट,
सावकाश.