पाच पळं

वेस्टरे ते पापा वेस्टरे,
पावणेदोन मैल. वेळापत्रकात दोन मिनिटं.
वारा पाठीशी असला तर दुसरं मिनिट लागतच नाही.
आठ खुर्च्यांचं विमान. मी बहुतेकदा पायलटशेजारी,
मांडीवर श्रवणयंत्रांच्या बॅटऱ्या,
पायाशी टपालाची थैली आणि कुणाच्या तरी कोंबड्यांचं औषध.
पट्टा कसा बांधायचा ते सांगण्यातच
उड्डाणाहून जास्त वेळ जातो.

एकदा धुक्यात अडकले होते तेव्हा
लहानपणी पाठ केलेलं कोष्टक आठवत बसले:
चोवीस सेकंदांचं पळ, साठ पळांची घटका.
म्हणजे बोटीनं गेलं तर घटकाभर,
लग्नात घंगाळातली वाटी बुडते तेवढा वेळ.
विमानानं पाच पळं.
एवढ्यात मिरजेत आमची पोळीसुद्धा फुगत नसे,
तवा तापायचाच असायचा.

अलीकडच्या बेटावर एडविन ड्रेव्हर, पलीकडे त्याची बहीण जेमाइमा.
दोघांचेही कान मीच तपासते.
डावा जास्त गेलेला, दोघांचाही,
आलेख एकावर एक ठेवले तर रेघ चुकत नाही.
बापाची होडी त्यानं न विचारता विकली,
त्याला अकरा वर्षं झाली.
तो विचारतो, तिकडे पाऊस आहे का?
खिडकीतून तिचं छप्पर दिसतं त्याला.
तरी मला विचारतो.
मी सांगते, आहे. किंवा, थोडा.

मार्चमध्ये तो माझ्या मागच्या खुर्चीत होता.
इस्त्रीचा सदरा, मांडीवर
वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी लांबट.
वल्ह्याची मूठ असावी. मी विचारलं नाही.
चढण्याआधी सगळ्यांना वजन विचारतात, मोठ्यानं,
त्यानं मोठ्यानं सांगितलं.
खाली एक सील मान वर काढून बघत होता,
तो बुडायच्या आत आम्ही टेकलो.

कुंपणापाशी जेमाइमा, हातगाडी घेऊन, खतासाठी आलेली.
दार उघडलं. मी उतरले, थैली उतरली, औषध उतरलं.
एडविननं पट्टा सोडला नाही.
पायलट पोरगा बावीस-तेवीसचा,
उगाच चाकाभोवती एक फेरी मारून आला,
मग आणखी एक.
परतीचं तिकीट आहेच त्यांचं, असं मला हळूच म्हणाला,
आणि दार लावलं.

जेमाइमा काही बोलली नाही.
पंख्याच्या वाऱ्यात डोक्यावरचा रुमाल धरून उभी.
विमान वर गेलं, वळलं,
पाण्यावरून त्याची सावली आधी पोचली.
तेव्हा म्हणाली, वजन किती सांगितलं त्यानं?
मी म्हटलं, एकाहत्तर किलो.
ती हातगाडीच्या दांड्याकडे बघत राहिली.
मग एक शब्द बोलली, तिकडच्या बोलीतला,
मला नवा. अर्थ विचारावा लागला.
वाळलाय, खंगलाय, असं काहीसं.

आमच्याकडे याला उतरलाय म्हणतात,
पण ते तिला कसं सांगू?

दवाखान्यात तिच्या कानाला यंत्र लावलं.
ऐकू आलं की बोट वर करा.
बारीक सूर सोडला, त्याहून बारीक,
मग मी काहीच सोडलं नाही
आणि तिनं बोट वर केलं.