ठिणगी कथा जास

फॉर्मवर रकाना होता : शिक्षण.
मी लिहिलं, बी.एस्सी., गणित, अमळनेर.
पुढे दोन बोटं जागा उरली,
तीत बापूंची शेड मावेना.

धरणगावला एरंडोल रस्त्याला ती शेड,
ट्रॉल्या, गेटं, कूलरचे स्टँड.
मी दहा वर्षांची, काळी काच डोळ्यांपुढे धरून,
आणि बापू म्हणायचे,
मन्हाकडे नको दखू. ठिणगी कथा जास ते दख.

आमच्यात कथा म्हणजे कुठे.
पुस्तकात ती गोष्ट होते, हे शाळेत कळलं.
तेव्हापासून मला दोन्ही ऐकू येतं.

बारावी सायन्स. इंजिनियरिंगला तीन मार्क कमी.
मग सकाळची पॅसेंजर, अमळनेर.
दुसऱ्या वर्षी फळ्यावर कर्ल आला :
एका बिंदूपाशी प्रवाह किती वळतो त्याचं माप.
आम्ही पाठ केला. कशाला लागतो,
कुणी विचारलं नाही. मॅडमनाही
कुणी सांगितलं नसावं.

दुपारी उलट्या गाडीने जळगाव.
मधे आपलंच गाव यायचं, उतरायचं नाही.
मोबाईलच्या दुकानावर दुसरा मजला,
मल्टिमीडिया, नोकरीची हमी,
बोर्डावर हमीची वेलांटी उडालेली.
सहा महिने लग्नाचे अल्बम केले.
नवरदेव चंद्रावर, नवरी कमळात,
वऱ्हाड स्वित्झर्लंडला.
आत्या म्हणाली,
धूर शिकाले बी पैसा लागस का वं?

लागस, आत्या.
आणि शिकवणारा सातव्या महिन्यात भेटला.
अय्यूब पिंजारी सर. त्यांचे आजोबा
गावोगाव गाद्या पिंजत फिरायचे,
सर धूर पिंजायचे.
काळ्या पडद्यावर पांढरा गठ्ठा,
एक बटण दाबलं आणि तो उकलला,
वळत, वळता वळता स्वतःतच शिरत.
मी उभीच राहिले.
सर, हा कर्ल आहे. अमळनेरचा.
ते म्हणाले, मला बटण येतं, गणित नाही. बस, सांग.
त्या महिन्याची फी त्यांनी घेतली नाही.

सिनेमातली आग रात्रभर शिजते, ते सांगायचे,
एका फ्रेमला चार तास लागले तरी कुणी ओरडत नाही.
गेममधली आग खेळणाऱ्यासमोर जन्मते,
सेकंदाला साठदा.
सोळा मिलिसेकंद. त्यात आकाश, घोडा,
घोड्याची सावली, शत्रू, नदी.
उरलं तर तुझं.

पुण्याला पाठवलेली पहिली रील परत आली.
आग सुंदर आहे, लिहिलं होतं. फोन बंद पडला.

नंतरचे अकरा महिने
कुठल्याच मार्कशीटवर नाहीत.
धुराचे चारशे थर, मग साठ, मग नऊ.
चौसष्ट चित्रांचा एक तक्ता, तोच फिरवून फिरवून
वेगळा भासवायचा.
संध्याकाळी पुन्हा शेडमध्ये, काळी काच, मांडीवर वही :
पांढरी. पिवळी. नारिंगी. लाल.
मग नुसता लोखंडाचा वास,
तो अजून कुणाला करता आलेला नाही.
चार ठिणग्या पुरतात, वहीत लिहिलंय,
पाचवी डोळा मोजतच नाही.

परवा रात्री बापूंना दाखवलं.
डोळ्यांवरच्या बटाट्याच्या चकत्या
त्यांनी काढून वाटीत ठेवल्या.
ज्वाळ लागली की आमच्याकडे हाच दवाखाना.
पडदा उजळला तसं त्यांनी सवयीने तोंड फिरवलं,
मग हळूच परत वळवलं,
ही लागत नाही, हे कळल्यावर.
आखो लाव, म्हणाले. पुन्हा लावलं.
बरंच वेळ काही नाही.
मग, खाले पडनी का लगेच मरस नही ती.
एकदा उसळस.

उसळी महाग असते.
जमीन कुठे आहे ते प्रत्येक ठिणगीला सांगावं लागतं.
पहाटेपर्यंत बसून
शून्य पॉइंट तीन मिलिसेकंद
घोड्याच्या सावलीतून कापून घेतले.