पाठ फिरवून

नेनाना नदीचा तळ दिसत नाही.
हिमनदीने दळलेला दगड तिच्यात इतका बारीक
की तो नावेच्या तळाला घासत जातो तेव्हा
तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा आवाज येतो,
सतत.
वेर्ना टायोन म्हणाली, आधी हा ऐका.
बाकीचं नंतर.

नाव म्हणजे पाठपिशवीतली तीन किलोची घडी.
कापडी थैलीत वारा कोंडायचा, पिळून नावेत सोडायचा,
परत कोंडायचा.
छप्पन्नाव्या वर्षी मी फुलपाखरं धरत असल्यासारखा दिसलो असणार,
पोस्टातली डॉटी गाडी थांबवून हसली.

मारेन हसली नाही.
माझी मुलगी. तिनेच माझं नाव नोंदवलं.
मागच्या सप्टेंबरात कॅरिबूचं मांस पाठीवर घेऊन
मी एकट्याने ओढा ओलांडला, कंबरभर पाण्यातून,
आणि ते तिला फुशारकीने सांगितलं.
तिथे चुकलो.

सकाळभर उलटायचं. मुद्दाम.
पाणी चार अंशांचं, पोशाखाची गळपट्टी इतकी घट्ट
की शिव्यासुद्धा अर्ध्याच बाहेर पडतात.
मांडीचे पट्टे सोडायचे, वल्हं सोडायचं नाही,
नाव सरळ करायची, पाय मारत
पोटावर सरपटत आत चढायचं, सीलसारखं.
मी तीनदा सील झालो.
चौथ्यांदा पोतं.

पाय रोवून उभा राहा, असं मला माझ्या बापाने शिकवलं होतं.
वेर्नाने ते एका वाक्यात पुसलं:
इथे पाय रोवलास तर तो दगडांच्या फटीत अडकेल,
नदी तुला पुढे ओणवा करेल
आणि उठू देणार नाही.
पाठीवर हो. बोटं पाण्याबाहेर दिसू देत.

आणि बुडत्याला काडीचा आधार वगैरे विसरा.
ती बघा काडी, वळणावर आडवी, अख्खं स्प्रूसचं झाड.
पाणी फांद्यांतून गाळून पुढे जातं,
माणूस मागे राहतो, चोथ्यासारखा.
चुकवता आलं नाहीच, तर त्याच्याच दिशेने पोहा,
डोकं पुढे, जीव खाऊन, आणि वर चढा.
खालून जाऊ म्हणणारे
मी दोघे ओळखत होते.

दुपारी दोरी.
पिशवीत कशीही कोंबायची, सुबक वेटोळी नकोत,
घाईत सुबकपणाच्याच गाठी होतात.
मारेन वरच्या अंगाला पाण्यात उतरली.
एक लाल ठिपका, मग लाल हेल्मेट, मग तिचा चेहरा, समोर.
ओरडायचं होतं, "दोरी!"
माझ्या तोंडून निघालं तिचं पाळण्यातलं नाव,
आणि पिशवी तिच्या मागे दोन हात पडली.
खाली टोबिन उभा होता, सोळा वर्षांचा, च्युइंगम चघळत.
त्याची दोरी तिच्या छातीवर पडली.
वेर्ना म्हणाली, नाव घेऊन ती काय करेल?
पिशवी पाण्याने भर. परत फेक.

मग माझी पाळी.
दोरी हाती आली की ती पलीकडच्या खांद्यावर घ्यायची
आणि जिने टाकली तिच्याकडेच पाठ करायची,
म्हणजे नाकातोंडात पाणी जात नाही.
मी पाठ केली.
समोर नुसता कडा, राखी, आणि त्यावर
कुणाचंच काही न ऐकणारा एक डोमकावळा.
मारेन दिसत नव्हती.
दोरी ताठ झाली.

तिने ओढलं नाही. ओढायचं नसतं.
ती रेतीत टाचा रुतवून बसली होती, हे नंतर कळलं,
टोबिनने मागून तिचं जॅकेट धरलेलं.
ती फक्त बसून राहिली, आणि मला काठाला
नदीनेच आणून लावलं.

परतताना ट्रकचा हीटर, मागे दोऱ्यांचा ओला ढीग,
दातांत हिमनदीचं पीठ.
"काय ओरडलास तेव्हा?" तिने विचारलं.
दोरी, म्हणालो.
"नाही," ती म्हणाली,
आणि खिडकीची काच थोडी खाली केली.